उकिरडा आणि घंटागाडी

आमच्याकडं म्हण आहे, उकिरड्याची दैना बारा वर्षांनीसुद्धा फिटते. पाचगणीच्या उकिरड्याची दैना फिटायला बारापेक्षा बरीच जास्त वर्षं लागली, पण फिटली. जिथून जाताना नाकाला पदर लावावा लागायचा तिथं आता बाग आहे. लोक फोटो काढतात आणि त्या जागेला स्वच्छ भारत पॉइंट म्हणतात. २०२२ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आत वस्ती असलेल्या शहरांत पाचगणीचा देशात पहिला नंबर आला, तेव्हा आमच्या वस्तीवरसुद्धा कुणीतरी पेढे वाटले.

मी पाचगणीचा नव्हे. टेबललँडच्या पलीकडच्या उताराला, कुडाळी नदीच्या बाजूला आमची वस्ती. पण त्या गावाचा कचरा मी पोरपणापासून बघत आलोय. किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. कचऱ्याचा इतिहास कुणी लिहीत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण ही गोष्ट मी डोळ्यांनी बघितलेली आहे, म्हणून लिहितो.

आधी गावाचं सांगतो. महाबळेश्वर जुनं, माल्कम साहेबाच्या वेळचं, १८२८-२९ सालचं. पण तिथं पाऊस असा, की पावसाळ्यात साहेब लोकांना राहता येईना. मग १८६० नंतरच्या दशकात चेसन नावाच्या साहेबानं दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या मधली जागा निवडली. इथं पाऊस बेताचा, हवा कोरडी, बारा महिने राहता येतं. सिल्व्हर ओकची उंच झाडं त्यांनीच लावली. मागून निवासी शाळा आल्या, सॅनेटोरियम आली, पारशी आणि बोहरी लोकांचे बंगले आले. पाच गावांच्या मधोमध एक सहावं गाव उभं राहिलं. त्या गावाला दूध पाहिजे, भाजी पाहिजे, लाकूडफाटा पाहिजे. ते आम्ही द्यायचो. आणि त्या गावातून जे बाहेर पडायचं ते आम्हीच घ्यायचो.

आमचे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, एका शाळेच्या भटारखान्यात दूध आणि घेवडा घालायचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो. दुधाची किटली रिकामी झाली की आण्णा भाजीच्या पाटीत बटाट्याच्या साली, कोबीची पानं, शिळ्या भाकरी-पाव भरून घ्यायचे. ते म्हशीला. चुलीची आणि बंबाची राख गोणपाटात, ती वाफ्यात टाकायला आणि भांडी घासायला. आण्णा म्हणायचे, "रिकामी पाटी घेऊन घरला यायचं न्हाई." तो आमच्या घरचा नेमच होता.

बाकीच्याही प्रत्येक वस्तूला धनी ठरलेला असे. रद्दी वाण्याकडं जायची आणि पुड्या होऊन आमच्याच घरी परत यायची. जुने कपडे बोहारीण भांड्यावर घ्यायची. जे तिला नको ते आईच्या वाकळेत शिवलं जायचं. शाईच्या दौतीला भोक पाडून वात घातली की रॉकेलचा दिवा. डालड्याच्या डब्यात कुणाच्या तरी दारात तुळस. फुटकं लोखंड घिसाड्याला. आणि ज्याला कुणीच धनी नाही, ते पालापाचोळा, घोड्यांची लीद, खरकटं, ते बैलगाडीनं गावाबाहेरच्या खड्ड्यात जायचं. ते कुजलं की आमची माणसं पैसे मोजून गाडीच्या हिशोबानं खत घेऊन यायची. उन्हाळ्यात त्या खतासाठी नंबर लागायचे, भांडणंसुद्धा व्हायची. आज कुणाला सांगितलं तर हसतील, कचऱ्यासाठी भांडणं!

हे ऐकायला गोड लागतं, पण अर्धंच सांगितलं तर खोटं होईल. त्या बंगल्यांचे संडास टोपलीचे होते. ती टोपली कुणीतरी डोक्यावरून वाहायचं. पहाटे, लोक उठायच्या आत. मुंबई सरकारनं १९४९ साली बर्वे समिती नेमली ती याच कामगारांचे हाल बघायला. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात झाडू घेतला, डोक्यावरून मैला वाहावा लागू नये असे संडास बांधून दाखवले. तरी ही प्रथा बंद करणारा कायदा व्हायला १९९३ साल उजाडलं. आम्ही शेतकरी सोनखत म्हणून ज्याचं कौतुक करायचो, ते असं एका माणसाच्या डोक्यावरून आलेलं असायचं. त्याला आमच्या दारात पाणी वरून ओतून मिळायचं. मी ते बघितलंय. जुना काळ चांगला होता असं म्हणताना माझी जीभ तिथं अडखळते.

मला आठवतं तसं १९८० च्या पुढं कचरा बदलायला लागला. आधी दुधाच्या पिशव्या आल्या. मग गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या, मग पाण्याच्या बाटल्या. मुंबई-पुण्याकडच्या गाड्या शनिवार-रविवारी पसरणी घाट चढायला लागल्या. हॉटेलं वाढली. खड्ड्यातलं खत आणलं की वाफ्यात काचा निघायच्या, पिशव्या निघायच्या. आईच्या पायात एकदा बाटलीची काच गेली, ती महिनाभर लंगडत होती. तेव्हापासून आण्णांनी ते खत बंद केलं. दुसऱ्यांनीही केलं. त्याच सुमारास युरिया-डीएपीचं पोतं सहज मिळायला लागलं होतं.

लोक म्हणतात, माणसं वाढली म्हणून उकिरडा झाला. मला तसं वाटत नाही. आम्ही उचलायचं बंद केलं म्हणून तो उकिरडा झाला. ओलं आणि सुकं एकत्र झालं आणि दोन्हींचा धनी गेला. मग तो ढीग साठत गेला, आतून धुमसत राहिला. डोंगरावर लांब टाकायचं म्हणजे टाकायचं तरी कुठं? वर टाकलेलं पावसाळ्यात ओढ्याला लागतं. उत्तरेच्या अंगाचं कृष्णेला जातं, आमच्या अंगाचं कुडाळीला. आणि कुडाळी पुढं कृष्णेलाच मिळते.

कचऱ्याला माणसांनी सोडलं, पण जनावरांनी धरलं. आमच्याकडं दोन जाती. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर, आणि लाल तोंडाचं ते माकड. पोरपणी ही दोन्ही आम्हाला रानात दिसायची, जांभळीवर, उंबरावर. वानर तर पाला खाणारं जनावर. पण ढिगावर आयतं मिळायला लागलं, पर्यटक गाडीतून वेफर्स द्यायला लागले, तशी माकडं आधी रस्त्यावर आली, मग घराच्या कौलावर. ज्याला पिशवी फोडायची सवय लागली, त्याला पिशवी म्हणजे खाणंच वाटतं, मग ती उकिरड्यावरची असो नाहीतर बाईच्या हातातली. रानडुकरं आली. कुत्री तर अमाप वाढली. आणि कुत्र्यांच्या मागं बिबट्या आला. बिबट्याला कचरा नको असतो, त्याला कुत्रं पाहिजे असतं. पण कुत्रं कचऱ्यावर जगतं, म्हणजे हिशोब एकच.

१९९९ सालची गोष्ट. आमची एक तांबडी गाय होती. पावसाळा संपता संपता तिनं खाणं सोडलं. पोट फुगलेलं, रवंथ बंद. जनावरांच्या डॉक्टरांनी दोन दिवस इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, बघू या काय होतं ते. त्यांनी पोट उघडलं. आत पिशव्यांचा गोळा निघाला, माणसाच्या डोक्यापेक्षा मोठा. त्यात सुतळी होती, दुधाच्या पिशव्या होत्या, एक मिठाची पिशवी होती. तिच्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. आण्णा तिथंच मातीत बसले. ती मिठाची पिशवी आमच्याच घरातलं मीठ असायचं त्या जातीची होती. मग ती वरच्या गावातली, का आमच्याच परसातली? कुणाला दोष देणार?

गाय ओढून माळावर नेली. मेलेली जनावरं ओढण्याचं काम गावकीनं ज्यांच्या माथी मारलं होतं, त्यांनी ते बाबासाहेबांच्या सांगण्यावरून केव्हाच सोडलं होतं, आणि ते योग्यच केलं. आम्ही आमची गाय आमच्या हातांनी ओढली. पूर्वी माळावर जनावर टाकलं की तासाभरात आभाळात ठिपके दिसायचे. गिधाडं उतरायची आणि दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा राहायचा. ना वास, ना रोग. मी पोरपणी पंचवीस-तीस गिधाडं एका बैलावर मोजलेली आहेत. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत वर बघत बसलो. एकही आलं नाही. आण्णा म्हणाले, "आरं, गिधाडं कुठं गेली?"

ते आम्हाला पुढं कळलं. जनावराला सूज-ताप आला की तेव्हा सगळीकडं डायक्लोफिनॅक टोचायचे. ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. १९९० नंतर देशातली लाखो गिधाडं अशी संपली. शास्त्रज्ञांनी २००४ साली कारण शोधलं आणि २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. पण आमच्या माळावर गिधाडं परत आली नाहीत. देवानं फुकट दिलेली सफाई खात्याची माणसं आपण अशी घालवली.

गिधाडं आली नाहीत, कुत्री आली. आठवडाभर माळावर कुत्र्यांचा गोंधळ चालला होता. नवव्या का दहाव्या रात्री बिबट्यानं आमच्या दारातून आमचा मोत्या नेला. बायको दिवा घेऊन बाहेर आली तेव्हा साखळी नुसती पडलेली. थोरला मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता आणि त्या रात्री तो पडवीत झोपायचा हट्ट करत होता. बायकोनं त्याला दोन धपाटे घालून आत निजवलं होतं. ते धपाटे मी अजून विसरलो नाही.

सरकारी इतिहासही याच सुमाराला वळला. २००० साली कचऱ्याचे पहिले नियम झाले. त्याच वर्षाच्या आसपास संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. २००५ च्या पुरात मुंबईची गटारं पिशव्यांनी तुंबली, तेव्हा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २०१४ ला स्वच्छ भारत आलं, खुणेला गांधीजींचा चष्मा. गांधीजी सुटकेनंतर १९४४ च्या जुलैत पाचगणीला येऊन राहिले होते, हे आमच्याकडं जुनी माणसं अभिमानानं सांगतात. २०१६ ला नियम आणखी कडक झाले: ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा, रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यानं, म्हणजे मोठ्या हॉटेलानं, ओला कचरा शक्यतो आपल्या जागेतच जिरवायचा. आणि २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदी झाली.

पण कागदावरचे नियम जनावराला कळत नाहीत. फरक पडला तो घंटागाडीनं. कोपऱ्यावरच्या कुंड्या होत्या तोवर माकडाला आणि कुत्र्याला ते ताटच होतं. झाकण लावलं तर माकड झाकण उघडायचं, ते काय आपल्यापेक्षा कमी हुशार नाही. कुंडी गेली, गाडी दारात यायला लागली, बाईच्या हातातून सरळ गाडीत कचरा जायला लागला, तसं ते ताट उठलं. रात्रभर बाहेर काही ठेवायचं नाही, एवढी एकच शिस्त. ज्या गल्लीत ती पाळतात तिथं माकडांचा त्रास कमी, जिथं पाळत नाहीत तिथं तसाच. गवे मात्र अजून उतरतात, ते कचऱ्यासाठी नव्हे, आमच्या पिकासाठी. तो वेगळा अध्याय आहे.

पुढचं काम मी एकदा उभं राहून बघितलं. ओला कचरा ढिगानं लावतात, पाणी मारतात, वरखाली करतात. दीड-दोन महिन्यांत तो काळा होतो, मग चाळतात. सुका कचरा बायका बसून निवडतात: पुठ्ठा वेगळा, बाटली वेगळी, दुधाची पिशवी वेगळी, काच वेगळी, चपला वेगळ्या. हे सगळं भंगारात विकतं. चकाकणारी वेफर्सची पुडी मात्र कुणी घेत नाही. असला माल सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवतात. त्या बायकांच्या हातात मोजे होते. मला आण्णांच्या वेळची टोपली आठवली. काम अजून त्याच थरातल्या माणसांच्या वाट्याला आहे, पण निदान हातात मोजा आहे आणि नावावर पगार आहे. जो घरात कचरा वेगळा करत नाही, तो या बाईला आपल्या खरकट्यात हात घालायला लावतो, एवढं तरी सुशिक्षित माणसाला कळायला पाहिजे.

नगरपालिकांच्या अशा खताला २०१७ साली राज्य सरकारनं हरित महासिटी कंपोस्ट असं नाव दिलं. मी असल्या खताची चार पोती आणली ती आधी भीतभीतच. आईचा पाय डोळ्यापुढं होता. अंगणात ताडपत्रीवर पसरून हातानं चाचपलं. काच नाही. चार पोत्यांत सदऱ्याचं एक बटण निघालं, बस. बटाट्याला घातलं. जमीन भुसभुशीत झाली, गांडुळं दिसली. आण्णा असते तर म्हणाले असते, पाटी परत भरून आली.

इथं गोष्ट संपवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण सुनेनं संपवू दिली नाही.

आम्ही १९९० नंतर स्ट्रॉबेरीत शिरलो, सगळा भागच शिरला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली जीआय मिळाला, आमची मुलं त्यावर शिकली, घरं झाली. पूर्वी स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यावर भाताचा पेंढा अंथरायचो. आता मल्चिंग पेपर अंथरतो. पेपर म्हणायचं, असतं ते प्लॅस्टिकच. तण येत नाही, पाणी वाचतं, फळाला माती लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात अंथरायचा, मे महिन्यात फाडून काढायचा. फळ भरायला पनेट, तेही प्लॅस्टिकचं. आणि मे महिन्यात तो काढलेला पेपर आम्ही काय करत होतो? बांधाला ढीग करायचा आणि संध्याकाळी काडी लावायची. काळा धूर टेबललँडपर्यंत जायचा. वीस-बावीस वर्षं मी हे केलं. तोंडानं मात्र वरच्या गावाला नावं ठेवत होतो.

चार वर्षांमागं सून, पदवीपर्यंत शिकलेली, बांधावर उभी राहून म्हणाली, "मामा, वरच्या गावात घंटागाडी हाय. आपल्या वस्तीवर कुठं हाय? मग आपला कचरा जातो कुठं?"

मी म्हणालो, "आपला असतो कितीसा?"

ती काही बोलली नाही. तिनं कुदळ घेतली आणि बांधाच्या कडेला, जांभळीच्या बुंध्याशी हातभर उकरलं. मातीत पेपरचे तुकडे, थरावर थर. जळलेले, न जळलेले. जांभळीची मुळं त्यातून वाट काढत गेलेली. त्याच जांभळीवर आम्ही पोरपणी वानरं बघायचो. मला बोलता येईना. गायीच्या पोटातला गोळा मी बघितला होता, जमिनीच्या पोटातला बघितला नव्हता.

तेव्हापासून आम्ही पेपर जाळत नाही. ओला असताना ओढला की माती चिकटते आणि भंगारवाला घेत नाही. म्हणून वळवाच्या आधी, वाफे चांगले वाळल्यावर काढायचा, झटकायचा, गुंडाळायचा. काम दुप्पट. भाव असा, की मजुरीसुद्धा निघत नाही. वस्तीवरच्या बारा घरांपैकी पाच जणं आता असं करतात. बाकीचे म्हणतात, "परवडत न्हाई." खोटं बोलत नाहीत ते. ज्या गावात नगरपालिका आहे तिथं गाडी, माणसं, निधी, बक्षीस सगळं आहे. वस्तीवर ग्रामपंचायत आहे, आणि आता आजूबाजूला पर्यटकांचे बंगले वाढतायत. त्यांचा कचरा शहरातल्यासारखा आणि सोय वस्तीतल्यासारखी. पाचगणीनं चाळीस वर्षांत जे भोगलं ते आमच्या दारात आत्ता सुरू होतंय. त्या गावाचं शहाणपण उतारानं खाली आलं तर बरं, नाहीतर उतारानं काय खाली येतं ते आम्हाला माहीत आहे.

जांभळीखालचं पोट अजून रिकामं झालेलं नाही. दर पावसाळ्यात माती धुपली की थोडे तुकडे वर येतात. सकाळी गुरांकडं जाताना मी ते वेचतो आणि खिशात घालतो. घरी आलो की सून हात पुढं करते आणि तिच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकून घेते. मागच्या पावसाळ्यात सव्वा किलो भरले. तिनं तराजूवर घालून मला दाखवले.